सांगलीचे हजारे, बडोद्याचे हजारे

बडोद्यात दोन मराठी माणसं पहिल्यांदा भेटली की नाव-आडनाव झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "तुमचं मूळ गाव कोणतं?" समोरचा इथेच जन्मलेला असतो, इथल्याच शाळेत शिकलेला असतो, त्याच्या चार पिढ्या दांडिया बाजारात गेलेल्या असतात. तरी तो सातारा, पुणे, रत्नागिरी असं काहीतरी सांगतोच. माझं माहेर सांगलीकडचं. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा या प्रश्नाची मला गंमत वाटायची. पुढे लक्षात आलं की हे शहरच बाहेरून आलेल्यांचं आहे. गायकवाड अठराव्या शतकात मराठी फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. ज्यांच्या नावाने आपण विद्यापीठ, दवाखाना आणि बाग ओळखतो ते सयाजीरावसुद्धा नाशिककडच्या कवळाण्याचे. शेतकऱ्याच्या घरातला हा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला. एका विधवा राणीने बाहेरचं मूल पोटाशी धरलं आणि त्या मुलाने पुढे शहराचा चेहरा बदलला. बडोद्याच्या इतिहासातली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आज मात्र सांगायचंय ते अशाच एका दुसऱ्या बाहेरच्या माणसाबद्दल. विजय हजारे हे नाव आपल्या घरातली मुलं रोज घेतात. "विजय हजारे ट्रॉफीत कुणी शतक मारलं?" असं विचारतात. पण हा विजय हजारे कोण, कुठला, असं विचारलं तर दहातली आठ मुलं गप्प बसतील. नाव करंडकावर गेलं की माणूस मागे राहतो, तसं झालंय. क्रिकेटमधल्या बारकाव्यांत मी शिरणार नाही, ते घरातल्या पुरुषमंडळींना विचारावं. मला या माणसाच्या आयुष्यातला वेगळाच धागा दिसतो. घरात पैसा नाही, मोठ्या समाजाचं पाठबळ नाही, स्वतःचं गाव सुटलेलं, अशा मुलाच्या अंगात एखादा गुण असेल तर तो जगतो कशावर? त्याच्या जेवणाची, राहण्याची सोय कोण करतं? आपल्या मुलाने किंवा मुलीने "मला खेळातच पुढे जायचंय" असं म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो तो याच प्रश्नामुळे.

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत झाला. घर मराठी ख्रिस्ती. वडील शाळामास्तर आणि घरात आठ मुलं. एका मास्तराच्या पगारात दहा तोंडं कशी भरली असतील, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. अशा घरात खेळ म्हणजे शाळा सुटल्यावरची मजा, त्यातून संसार चालेल असं कुणाच्या स्वप्नातही नसणार. रणजी करंडकाच्या स्पर्धा सुरू झाल्या १९३४ साली, आणि त्याच पहिल्या मोसमात एकोणीस वर्षांचे हजारे महाराष्ट्राकडून खेळले. नंतर काही वर्षं ते मध्य भारताच्या संघात गेले, मग परत महाराष्ट्राकडे आले. कागदावर या नुसत्या संघांच्या नोंदी दिसतात. पण प्रत्येक नोंदीमागे एक गाठोडं बांधणं आहे, नवं गाव, नवी माणसं, नवं जेवण आहे. लग्न झालेल्या कुठल्याही बाईला हे कळेल.

त्या काळात क्रिकेटरला मंडळाकडून पगार नव्हता. मूळ खेळ इंग्रजांचा, आणि इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या सरळ दोन जाती होत्या. पैसे न घेता खेळणारे ते सभ्य गृहस्थ, आणि पैसे घेऊन खेळणारे ते नुसते खेळाडू. दोघांना कपडे बदलायला वेगळ्या खोल्या, मैदानावर यायला कित्येक ठिकाणी वेगळी दारं. हा भेद तिथे १९६२पर्यंत चालला. आपल्याकडे असा कागदोपत्री भेद नव्हता, पण पैसाही नव्हता. मग ज्याच्या घरी मुळातच आहे त्याने खेळावं, नाहीतर एखाद्या संस्थानिकाच्या आश्रयाला जावं. संस्थानिक खेळाडूला कुठल्यातरी खात्यात हुद्दा द्यायचे, कुणाला लष्करात, कुणाला राजवाड्यात. इंदूरच्या होळकरांनी नागपूरच्या सी. के. नायडूंना लष्करात हुद्दा दिला, म्हणून ते शेवटपर्यंत 'कर्नल' नायडू. गवयाला दरबारात ठेवावं, पैलवानाला तालमीत खुराक बांधून द्यावा, तशीच ही रीत. यात राजांची हौस होती, एकमेकांशी चढाओढ होती आणि इंग्रज साहेबावर छाप पाडण्याची इच्छाही होती. पण गरीब घरच्या गुणी मुलाला याखेरीज दुसरं दारच नव्हतं.

या आश्रयामुळेच हजाऱ्यांना एक मोठा गुरू भेटला. क्लॅरी ग्रिमेट हे ऑस्ट्रेलियाचे नामांकित फिरकी गोलंदाज. संस्थानिकांनी त्यांना शिकवण्यासाठी हिंदुस्थानात बोलावलं होतं. हे ग्रिमेटही बाहेरचेच. जन्म न्यूझीलंडचा, तिथे पुरेसा वाव नाही म्हणून ऑस्ट्रेलियात गेले आणि कित्येक वर्षं धडपडल्यावर तिशी उलटून गेल्यावर त्यांना त्या देशाकडून खेळायला मिळालं. हजाऱ्यांची बॅट धरून उभं राहण्याची तऱ्हा जरा वेगळी होती, बघणाऱ्याला अवघडल्यासारखी वाटायची. ग्रिमेटनी ती बदलायला लावली नाही. जे जमतंय ते तसंच राहू द्या, हा त्यांचा सल्ला. चांगला शिक्षक कोणता, तर मुलाचं काय बदलू नये हे ज्याला कळतं तो.

१९३९-४०च्या मोसमात पुण्याला महाराष्ट्राचा सामना झाला. हजाऱ्यांनी त्यात नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी करंडकातलं हे पहिलं त्रिशतक. आणि समोरचा संघ कोणता? बडोदा! ज्याने आपल्याला दोन दिवस उन्हात पळवलं त्यालाच आपल्या घरी आणावं, असं बडोद्याला वाटलं असेल तर नवल नाही. १९४१मध्ये हजारे बडोदा संस्थानच्या नोकरीत आले. गादीवर तेव्हा सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव होते. सलामतीने खेळता येईल असं पहिलं घर या माणसाला मिळालं ते सव्विसाव्या वर्षी, असं म्हणायला हरकत नाही. त्यानंतर त्यांनी संघ बदलला नाही. पुढची वीस वर्षं ते बडोद्याकडूनच खेळले. १९४२-४३मध्ये बडोद्याने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, त्या संघात ते होते.

पण नोकरी मिळाली म्हणजे सगळीकडे जागा मिळाली असं नसतं. मुंबईत तेव्हा क्रिकेटची एक फार गाजलेली स्पर्धा भरायची. त्यात संघ धर्मावरून पडायचे. हिंदूंचा एक, मुसलमानांचा एक, पारशांचा एक, युरोपियनांचा एक. १९३७पासून पाचवा संघ आला. त्यात ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन असे जे जे उरले ते सगळे. त्या संघाचं नावच 'द रेस्ट'. आपल्या भाषेत सांगायचं तर 'बाकीचे'. सांगलीत जन्मलेला, घरात मराठी बोलणारा हा माणूस मुंबईत मैदानावर उतरायचा तो 'बाकीच्यां'तला एक म्हणून. अल्पसंख्य समाजातल्या बाईला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गांधीजींनी १९४०मध्ये अशा धर्मावरून पाडलेल्या संघांना उघड विरोध केला होता, तरी स्पर्धा आणखी काही वर्षं चालू राहिली. स्टेडियम भरत होतं ना!

१९४३-४४चा अंतिम सामना ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाला. हिंदू विरुद्ध बाकीचे. हिंदूंच्या विजय मर्चंटनी नाबाद २५० धावा केल्या, संघाच्या झाल्या ५८१. बाकीच्यांचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला, त्यातल्या ५९ हजाऱ्यांच्या. दुसऱ्या डावात पुन्हा गडी पडायला लागले. एका बाजूला हजारे उभे राहिले आणि दुसऱ्या बाजूला आला त्यांचा धाकटा भाऊ विवेक. दोघांनी मिळून ३०० धावांची भर घातली. त्यात विवेकच्या धावा होत्या २१! बाकीच्यांच्या एकूण ३८७ झाल्या, पैकी हजाऱ्यांच्या एकट्याच्या ३०९. सामना हिंदूंनी एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला.

या सामन्याबद्दल लिहिणारे सगळे ३०९वर थांबतात. माझं मन मात्र त्या एकवीसवर जातं. समोर भाऊ खेळतोय, आपण फक्त पडायचं नाही, त्याला सोबत द्यायची. टाळ्या त्याला मिळणार, नाव त्याचं होणार. तरी तासन् तास उभं राहायचं. घरातल्या एकाचं काही मोठं व्हावं म्हणून दुसरं कुणीतरी असं एकवीस धावांवर उभं असतं. बहुतेक घरांत ती आई असते, नाहीतर मोठी बहीण. तिची नोंद कुठल्या पुस्तकात होत नाही. विवेक हजारेंची निदान झाली.

आता मार्च १९४७कडे येऊ. रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोद्यात. बडोदा विरुद्ध होळकर, म्हणजे दोन मराठा दौलतींचे संघ. होळकरांचा पहिला डाव २०२. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत गेले आणि हजाऱ्यांच्या जोडीला गुल महंमद आला. हा गुल महंमद लाहोरचा. वय पंचवीस, चण अगदी लहान, डावखुरा, पायांत भिंगरी. हाही बडोद्याच्या आश्रयाला आलेला. दोघांनी जवळजवळ नऊ तास फलंदाजी केली आणि ५७७ धावांची भागीदारी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. बडोद्याच्या एकूण ७८४ झाल्या आणि सामना एक डाव ४०९ धावांनी खिशात पडला. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमधला कुठल्याही गड्यासाठीच्या भागीदारीचा हा जागतिक विक्रम पुढची ५९ वर्षं कुणाला मोडता आला नाही. २००६मध्ये श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ केल्या तेव्हा तो मोडला.

धावा बाजूला ठेवा आणि तो महिना आठवा. त्याच मार्चमध्ये लाहोरात दंगली पेटल्या होत्या. गुल महंमदच्या गावात माणसं एकमेकांना धर्म विचारून मारत होती. आणि इकडे एक लाहोरचा मुसलमान आणि एक सांगलीचा ख्रिस्ती एका मराठा राजाच्या संघासाठी गुजरातच्या मातीत एकमेकांसाठी धावत होते. धाव घेताना हाक मारायची ती एकमेकांना, विश्वास टाकायचा तो एकमेकांवर. तू कुठला, मी कुठला हे विचारायला तिथे फुरसत नव्हती.

पाच महिन्यांत देशाचे दोन तुकडे झाले. भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले खेळाडू तीनच: अब्दुल हफीज कारदार, आमिर इलाही आणि गुल महंमद. यातले शेवटचे दोघे बडोद्याचे खेळाडू. आमिर इलाही १९५२मध्ये पाकिस्तानच्या संघातून भारतात आले. गुल महंमद मात्र त्या मालिकेत भारताकडूनच खेळला. नंतर तोही तिकडे गेला आणि १९५६मध्ये पाकिस्तानकडून एक कसोटी खेळला. १९९२ साली लाहोरलाच त्याचा शेवट झाला. बडोद्याने त्याला जागा दिली होती, पण देशाची रेघ शहराच्या हातात नसते.

त्याच मार्च १९४७मध्ये जगाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कमध्ये, बास्केटबॉलचा एक अंतिम सामना झाला. त्यात असाच एक बाहेरच्या घरातला मुलगा चमकला. वाट मिसाका त्याचं नाव. आईवडील जपानहून अमेरिकेत आलेले, वडिलांचं केस कापायचं दुकान, आणि कुटुंब राहायचं त्या दुकानाखालच्या तळघरात. वडील तो पंधरा वर्षांचा असताना गेले. जेमतेम पाच फूट सात इंचांचा हा मुलगा युटा विद्यापीठाच्या संघातून खेळला आणि केंटकीच्या बलाढ्य संघाला त्यांनी हरवलं. युद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती. जपानी चेहऱ्याकडे अमेरिकेत तेव्हा लोक कसे बघत असतील याची कल्पना करा. तरी न्यूयॉर्कच्या निक्स संघाने त्याला पैसे देऊन घेतलं. आज ज्याला एनबीए म्हणतात त्या स्पर्धेतला तो पहिला गोरा नसलेला खेळाडू. पण किती दिवस? तीन सामने, सात गुण, आणि संघातून मोकळा. मिसाका युटाला परतला, इंजिनिअर झाला, संसार केला आणि २०१९मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी गेला. गुण हजाऱ्यांकडे होता तसा त्याच्याकडेही होता. फरक एवढाच, की हजाऱ्यांना वीस वर्षं मिळाली आणि त्याला तीन सामने. बाहेरून आलेल्या मुलाचं काय होणार हे निम्मं त्याच्या हातांवर ठरतं आणि निम्मं त्याला थोपवून धरणाऱ्यांवर. पहिल्याच दिवशी कुणी ३०९ काढत नाही. त्याआधी चुकायला, शिकायला, टिकायला अवधी लागतो, आणि तो अवधी कुणीतरी द्यावा लागतो.

स्वातंत्र्यानंतर हजाऱ्यांनी जे केलं ते क्रिकेटच्या पुस्तकांत ठळक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १९४८च्या जानेवारीत ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटीत ११६ आणि १४५ अशी दोन शतकं. दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय. पुढे ते भारताचे कर्णधार झाले. १० फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रासला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडला एक डाव ८ धावांनी हरवलं. भारताने पहिली कसोटी खेळली १९३२मध्ये. पहिला विजय मिळायला वीस वर्षं लागली. तो सामना चालू असतानाच इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज वारला होता. ज्या साहेबाच्या राज्यात 'बाकीचे' हे लेबल मिळालं त्याच साहेबाला हरवणाऱ्या भारताचा कर्णधार झाला तो सांगलीच्या ख्रिस्ती मास्तरांचा मुलगा. आणि बारा बळी घेऊन तो विजय मिळवून दिला जामनगरच्या विनू मंकड यांनी.

पण पोटाचा प्रश्न स्वातंत्र्याने सुटला नव्हता, उलट अवघड झाला होता. १ मे १९४९ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजेच गेले तर राजाश्रय कुठला? मग खेळाडू काय करायचे? इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये गिरण्यांच्या गावांचे क्रिकेट क्लब होते. तिथे दर क्लबला एक पगारी खेळाडू ठेवायची मुभा असे, बाकीचे गावातलेच गिरणीकामगार, कारकून, दुकानदार. पगारी माणसाने चांगल्या धावा केल्या की प्रेक्षकांत टोपी फिरवून वर्गणी गोळा करायची आणि त्याच्या हातावर ठेवायची. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन तर बायको-मुलीला घेऊन तिथल्या नेल्सन गावात जाऊन राहिले. हजारेही या लीगमध्ये पगारी खेळाडू म्हणून खेळले, मंकडही खेळले. ज्याने ब्रॅडमनसमोर दोन शतकं काढली तो परक्या गावात, थंडीपावसात, शनिवार-रविवार खेळून पैसे मिळवत होता. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. कष्टाच्या पैशात कमीपणा कसला?

कमीपणा मानला तो इकडच्या बड्या लोकांनी. १९५२च्या इंग्लंड दौऱ्याआधी मंकडांनी मंडळाला विचारलं की मला संघात घेणार असाल तर आत्ताच सांगा, नाहीतर मी क्लबशी करार करतो. मंडळाने हमी दिली नाही. पहिल्या कसोटीत लीड्सला दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्य धावांवर गेले. शून्यावर चार! त्या पडझडीत कर्णधार हजाऱ्यांनी ५६ धावा काढून थोडी लाज राखली. मग मंकडांच्या क्लबकडे विनवण्या झाल्या, त्यांना सोडवून आणलं, आणि लॉर्ड्सला त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, वर पाच बळी घेतले. सामना गेला, पण अब्रू राहिली. आधी पोटाची सोय विचारली म्हणून ज्याला बाहेर ठेवलं, त्याच्याचकडे शेवटी जावं लागलं. देशासाठी खेळावं हे खरंच. पण देशाने खेळाडूला "तुझ्या मुलाबाळांचं काय?" हे विचारायला नको का?

हजाऱ्यांबद्दल जुनी माणसं सांगतात की ते फार कमी बोलायचे. कर्णधार म्हणून ते सावध होते, भिडस्त होते, अशी टीका त्यांच्यावर झाली. मला वाटतं, ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात जागा करून राहावं लागतं तो आवाज चढवत नाही. तो काम करून दाखवतो. १९६०मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा मान मिळालेल्या पहिल्या दोन क्रिकेटपटूंतले ते एक. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये साठ शतकं नावावर. राजे गेले, संस्थान गेलं, तरी हजारे बडोदा सोडून गेले नाहीत. १८ डिसेंबर २००४ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी, याच शहरात त्यांनी देह ठेवला. बडोद्याचा संघही राहिला. गुजरात हे एकच राज्य, पण रणजीत तिथले तीन संघ उतरतात: गुजरात, सौराष्ट्र आणि बडोदा. मुलांनी विचारलं की असं का, तर त्यांना ही सगळी संस्थानांची कथा सांगता येईल.

आता आपल्या मुलींचं काय? राजाश्रय होता तेव्हा तो मुलग्यांना होता. मुलींना राजाही नव्हता आणि मंडळही नव्हतं. महिलांचं क्रिकेट २००६पर्यंत वेगळ्या, पैशाला मोताद अशा संघटनेकडे होतं. २००५च्या विश्वचषकात आपल्या मुली अंतिम सामन्यापर्यंत गेल्या, तेव्हा एका सामन्याचे एक हजार रुपये मिळाले, असं मिताली राजने सांगितलंय. २०२२मध्ये पुरुष आणि महिलांचं मानधन सारखं झालं. एका दिवसाच्या सामन्याला सहा लाख. हजारापासून सहा लाखांपर्यंत यायला सतरा वर्षं लागली.

याच सतरा वर्षांत राधा यादव मोठी झाली. जन्म २००० सालचा. वडील उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातून मुंबईत आलेले, कांदिवलीत दूध-भाजी विकून घर चालवायचे. सोसायटीच्या आवारात पोरांबरोबर खेळणाऱ्या या मुलीला प्रशिक्षक प्रफुल्ल नाईक यांनी पाहिलं आणि घरच्यांना समजावलं. पुढे नाईक बडोद्याला आले तेव्हा राधाही इकडे आली आणि बडोद्याच्या संघातून खेळायला लागली. २०१८मध्ये, अठरा पुरी व्हायच्या आत, ती भारताकडून खेळली. महिलांची प्रीमियर लीग २०२३मध्ये सुरू झाली तेव्हा दिल्लीच्या संघाने तिला ४० लाखांना घेतलं. आणि २ नोव्हेंबर २०२५ला भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, त्या संघात राधा होती. जौनपूर, कांदिवली, बडोदा आणि मग सगळं जग. हजाऱ्यांची सांगली ते बडोदा ही वाट होती, तशीच ही. फक्त राजाच्या जागी एक प्रशिक्षक होता, आणि मुलगी म्हणून "हिला कशाला?" हा जादाचा प्रश्न ओलांडावा लागला.

मैत्रिणींनो, हे सगळं मी का लिहिते आहे? आपल्या समाजात साधर्मिक वात्सल्य हा शब्द मोठा आहे. आपल्यातल्या गरजू घरच्या मुलाची फी भरणं, त्याला वसतिगृहात जागा देणं, हे आपण मनापासून करतो. शिष्यवृत्त्यांचे फॉर्म मीही भरून दिलेत. त्यावर दहावीचे गुण, बारावीचे गुण, सीए की डॉक्टर, हे सगळे रकाने असतात. खेळाचा रकाना मी पाहिलेल्या एकाही फॉर्मवर नव्हता. मग ज्या मुलीचे मार्क पंचावन्न टक्के आहेत पण जी जिल्ह्यात सगळ्यांत वेगाने धावते, तिच्या बुटांचे पैसे कोण देणार? तिला सकाळी साडेपाचला मैदानावर कोण सोडणार? सयाजीराव आणि प्रतापसिंहराव आता येणार नाहीत. त्यांच्याकडे जे होतं त्यातलं थोडंथोडं आपल्या प्रत्येकीकडे आहे: एक जास्तीची खोली, सकाळचं दूध, महिन्याचे चारशे-पाचशे रुपये, समजावून सांगायला जीभ.

आणि ही मुलगी आपल्याच समाजातली असावी असाही हट्ट नको. कामाच्या शोधात दाहोदहून, बिहारहून, खानदेशातून आलेली कुटुंबं आपल्या सोसायट्यांच्या मागे राहतात. त्यांची पोरं आपल्या आवारात खेळायला आली की वॉचमन हाकलतो, आणि आपण गॅलरीतून बघत राहतो. बडोद्याचं नाव जगात झालं ते लाहोरच्या, सांगलीच्या, कांदिवलीच्या मुलांनी केलेलं आहे. आवारात खेळणाऱ्या त्या पोरांत कोण आहे, हे आपल्याला आज कसं कळणार? वॉचमनला एवढं सांगितलं तरी पुरे, की संध्याकाळी तासभर त्यांना खेळू दे.